नमस्कार आणि नासलेल्या बाटल्या

चिखलानं भरलेले बूट घालून तो माणूस सरळ आत आला, आणि शांभवीला धक्काच बसला.

तिची ती खोली म्हणजे देवघरापेक्षा सोवळी. आत यायचं तर चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुतलेले, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी. आणि हा पठ्ठ्या हातात क्रेट घेऊन मधोमध उभा राहून विचारतो,

"शांतव्वा कुठं हाय हो? बाटल्या न्यायला आलोय."

"आधी बाहेर व्हा," शांभवी कशीबशी म्हणाली.

"पण बाटल्या—"

"पावणं, आणखी एक पाऊल टाकलंसा, तर ही आख्खी खोली तुम्हालाच धुवायला लावीन."

त्यानं आपल्या बुटांकडं पाहिलं, फरशीवरच्या ठशांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. जरा जास्तच वेळ. "कुठनं सुरुवात करू?" त्यानं विचारलं. आणि खरंच बूट काढून बादली घेऊन आला. शांभवीला दुसरा धक्का बसला तो हा.

साल अठ्ठ्याण्णवचं. कोल्हापूरहून हातकणंगल्याला जाणाऱ्या रस्त्यालगत हंबीररावांनी केळीची रोपं तयार करायची लॅब काढली होती. केळीच्या कोंबाचे बारके तुकडे करायचे, काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचे, की एका कोंबाची शेकडो रोपं. ऐकायला सोपं. पण बाटलीत एखादा जंतू शिरला, की आठवड्याच्या आतच बुरशी माजते आणि सगळं नासतं. म्हणून जंतू शिरू न देता काम कसं करायचं, हे आसपासच्या गावातल्या बायकांना शिकवायला कुरुंदवाडच्या शांभवीला नेमलं होतं. एम.एस्सी. झालेली, मंगळवार पेठेत मावशीकडं राहणारी, नाकावर राग घेऊन फिरणारी मुलगी.

शिकवायचं कसं, हे सगळं तिनंच ठरवायचं होतं. तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. भाकरी थापायला कोण पुस्तकातनं शिकतं? आईचे हात बघूनच शिकतात ना. "माझे हात बघा," तिनं बायकांना सांगितलं. "मी जे करीन तेच करायचं. तसंच, त्याच क्रमानं." मग तिनं हात धुतले, स्पिरिट चोळलं, ते वाळू दिलं, स्पिरिटचा दिवा लावला, चिमटा ज्योतीत धरला, बाटलीचं तोंड ज्योतीजवळ उघडलं. बायका डोळ्यात तेल घालून बघत राहिल्या. त्यातली शांतव्वा तर अशी हुशार, की शांभवीनं मान वाकडी केली तर तिचीही मान वाकडी व्हायची.

आणि काचेपलीकडून आणखी एक जण बघायचा. आदर्श. बूटवाला तोच. बीएस्सी ॲग्री झालेला, रोपवाटिका सांभाळणारा. बाटलीतली रोपं मातीत लावायचं काम त्याच्याकडं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला स्वारी काचेबाहेर हजर.

"बाटल्या दुपारी मिळत्यात," एकदा शांभवी बाहेर येऊन म्हणाली.

"मग दुपारीबी येतो की."

"मग सकाळी कशाला येतासा?"

"सकाळी…" त्यानं क्रेट या हातातून त्या हातात घेतला. "सकाळी जरा काचेची पाहणी करतो. तडा-बिडा गेला असंल तर?"

ती हसली नाही. पट्टी वर ओढली आणि आत जाऊन हसली.

तीन महिने असे बरे गेले. पण बाटल्या काही बऱ्या जाईनात. पहिल्यापासूनच निम्म्या नासत होत्या. हवा तपासली, पाणी तपासलं, खोली दोनदा धुतली. बुरशी हटेना. आणि एका सोमवारी हंबीरराव हातात नासलेली बाटली घेऊन आले.

"सगळ्यात जास्त कुणाच्या नासत्यात?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी शांतव्वाच म्हणाली, "माझ्या."

"मग उद्यापासनं तू येऊ नगंस."

शांतव्वा मटकन खाली बसली. शांभवीचा विश्वासच बसेना. शांतव्वा? जी तिचं बोट न् बोट गिरवते ती?

"दादा, ती सगळं बरोबर करती. माझ्यासारखं करती."

"मग तुमच्या शिकवण्यातच खोट असंल," हंबीरराव म्हणाले. "तसं असंल तर तुम्हीबी कुरुंदवाडला गेलेलं बरं. पुण्याचा माणूस आणतो."

शांभवीचे कान तापले. "शांतव्वा, ऊठ. आपण दोघी सगळ्यांसमोर पहिल्यापासनं करून दाखवू. कुठं खोट हाय ते सांगा, दादा."

काचेबाहेर सगळे गोळा झाले. हंबीरराव, बाकीच्या बायका आणि क्रेट घेतलेला आदर्श. आत दोघींनी हात धुतले, स्पिरिट चोळलं, दिवे लावले, चिमटे तापवले, बाटल्या उघडल्या. कुणालाच काही चुकीचं दिसलं नाही.

"थांबा," आदर्श एकदम म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दिवा लावल्यावर… हात कुठं नेलासा?"

"चिमट्याकडं," शांभवी म्हणाली.

"न्हाय. त्याच्या आधी. ज्योतीवरनं डोळ्यांना लावलासा. मग कपाळाला."

"मी? शक्यच न्हाय."

"व्हय की, अक्का," शांतव्वा म्हणाली. "दिव्याला नमस्कार करतासा की तुम्ही. रोजच. आम्हाला वाटलं, तेबी शिकवण्यातलंच हाय. मी कधी चुकवलं न्हाय."

शांभवीनं आपल्या हातांकडं पाहिलं. दिवा लागला की हात जोडायचे, ज्योत डोळ्यांना लावायची. कळायला लागल्यापासून ते इतक्या वेळा झालं होतं, की हात कधी उठतात हे तिला कळतच नव्हतं. स्वच्छ धुतलेले हात डोळ्यांना, कपाळाला लावून, त्याच हातांनी बाटली उघडायला तिनंच शिकवलं होतं. तेही "तसंच, त्याच क्रमानं". शांतव्वाच्या बाटल्या सगळ्यात जास्त नासल्या, कारण तिनं सगळ्यात मन लावून गिरवलं.

"त्यात काय चुकलं?" हंबीरराव गोंधळून म्हणाले. "दिव्याला नमस्कार न्हाय करायचा तर काय करायचं?"

"चुकलं, दादा. आणि माझं चुकलं, हिचं न्हाय." ती म्हणाली. "बाटल्यांच्या पुढच्या खेपेपर्यंत वेळ द्या. तेव्हाही नासल्या तर मी जाते. हिला काढू नका."

हंबीररावांनी एकदा तिच्याकडं, एकदा बाटलीकडं पाहिलं. "एक खेप," म्हणाले, आणि गेले.

बाहेरच्या बोळात तिनं आदर्शला गाठलं. डोळे भरले होते, तरी राग जागेवर होता.

"तुम्हाला हे कसं दिसलं?"

"रोज बघतो की."

"रोज? आणि तीन महिने मूग गिळून बसलासा?"

"चूक बघायला येत न्हवतो हो मी…" तो अडखळला. "तुम्ही दिवा लावतासा… हात जोडतासा… त्यावेळी तुमच्या तोंडावर राग नसतोय. तेवढ्यासाठी यायचो. ते चुकतंय, हे डोक्यातच आलं न्हाय. आज कळलं, आणि सांगताना जीव तुटला. आता तुम्ही ते परत करणार न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिची चूक आणि स्वतःचं मन एका दमात सांगितलं होतं. भांडावं की रडावं, हेही तिला ठरवता येईना. ती तशीच आत निघून गेली.

तिनं सगळं प्रशिक्षण नव्यानं बसवलं. नमस्कार बंद करा म्हणणं तिच्या जिवावर आलं, म्हणून हात धुवायच्या नळाशेजारी एक निरांजन ठेवलं. नमस्कार तिथं, मग हात धुणं. आणि काम जोडीनं. एकीनं करायचं, दुसरीनं तिच्या हातांवर नजर ठेवायची. आपली सवय आपल्याला दिसत नाही, बघणाऱ्याला दिसते. हे ती कुणाकडून शिकली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढची खेप आली तेव्हा नासलेल्या बाटल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. शांतव्वा राहिली, शांभवीही राहिली.

मागणी वाढली तशी ती स्वतःही कामाला बसू लागली. एका सकाळी चिमट्यात कोंब, समोर उघडी बाटली, बाजूला हातांवर नजर ठेवून शांतव्वा. बाटल्या द्यायची छोटी खिडकी सरकली.

"बोलू नका," आदर्श हळूच म्हणाला. "बाटली उघडी असताना बोललं की तोंडातले जंतू आत पडत्यात, तुमचाच नियम हाय. म्हणूनच आत्ता विचारतोय. लगेच न्हाय म्हणता यायचं न्हाय." तो थांबला. घसा खाकरला. "रविवारी कुरुंदवाडला येऊ? तुमच्या आप्पांना भेटायला… मागणी घालायला."

चिमटा हवेतच राहिला.

"हे असं विचारतासा व्हय?" शांभवी म्हणाली.

शांतव्वानं शांतपणे हात पुढं करून ती बाटली उचलली आणि बादलीत टाकली. "गेली ही, अक्का. बोललासा तुम्ही."

शांभवीनं आपल्या शिष्येकडं पाहिलं. मग खिडकीकडं. मग आपल्याच त्या सोवळ्या खोलीत, आपल्याच हातानं तिनं तोंडावरची पट्टी खाली ओढली.

"आणखी चार टाक," ती शांतव्वाला म्हणाली. "मला ह्यांच्याशी नीट बोलायचंय."