गिधाडघळीतला चौथा बोल्ट

गिधाडघळीत उतरायचं ते एका बोल्टासाठी! चार बोटं लांब, अंगठ्याएवढा जाड. तो नीट आवळलेला आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं, आणि जमलंच तर खिशात घालून वर आणायचा. एवढ्यासाठी चौसष्ट वर्षांचा कोंडाजी, त्याची सून स्नेहल आणि वाट दाखवायला पलीकडच्या वाडीतला बारकू, अशी तीन माणसं मार्गशीर्षातल्या एका सकाळी खांडी गावाच्या पुढच्या पठारावर कड्याच्या कडेशी उभी होती.

तीन महिन्यांपूर्वी याच कड्यावरून कोंडाजीच्या मुलाची, सत्यमची, नवी कोरी फोर बाय फोर खाली गेली. पर्यटकांना पठारावरच्या तंबूंपाशी सोडून तो एकटाच परतत होता. लोणावळ्याच्या बचाव पथकातल्या पोरांनी जिवावर उदार होऊन त्याच संध्याकाळी त्याला वर आणलं, पण श्वास केव्हाच थांबला होता. गाडी खालीच राहिली. पेपरात तीन ओळी आल्या की चालकाचा वाहनावरचा ताबा सुटला. पंचनाम्यात तेच, गाडीच्या कंपनीच्या पत्रातही तेच. खाली उतरून गाडी तपासायची तसदी मात्र त्यातल्या कुणी घेतली नव्हती. उरलेलं टाकव्याच्या चहाच्या टपरीवर लोकांनी भरून काढलं. पोरगं प्यालेलं असणार, म्हणाले. ज्याने उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, त्याचं मेल्यावर असं बारसं झालं.

बोल्टाची गोष्ट स्नेहलनं काढली होती. ती तळेगावला गाड्यांचे भाग जोडणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, हे तिचं रोजचं काम. रेघ आहे म्हणजे कुणीतरी आवळलाय आणि कुणीतरी बघितलाय. सत्यमच्या गाडीचं स्टेअरिंग पहिल्या दिवसापासून ढिलं होतं. सरळ रस्त्यावरही गाडी डावी-उजवी भटकायची, चाक सारखं सावरावं लागायचं. स्टेअरिंगचा डबा चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चार बोल्टांनी बांधलेला असतो. चारही बोल्टांवर रेघ असली तर चूक सत्यमच्या हाताची. नसली तर नाही. स्नेहल सासऱ्याला एवढंच म्हणाली होती, "आबा, मला त्या चार रेघा बघायच्यात. त्या असल्या तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

बारकूनं कमरेचा कोयता चाचपला, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि कड्याच्या पोटात असा शिरला, जणू घराची पायरी उतरतोय.

सुरुवातीला कारवीचं रान होतं. वाळलेल्या काठ्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यातून वाकून, कधी बसून, अंग चोरत जायचं. खाली पाय ठेवावा तर घसारा, मूठभर खडीवर पाय पडला की हातभर माणूस खाली. कोंडाजी दोनदा घसरला. दुसऱ्यांदा एका वेलीनं त्याला धरलं म्हणून बरं. बत्तीस वर्षं यष्टी चालवली, बोरघाट डोळे मिटून उतरला, पण तो बसून उतरलेला घाट! स्वतःच्या पायांनी डोंगर उतरणं म्हणजे काय चीज असते, ते त्याला आज कळत होतं.

मग शिडी आली. दोन उभे बांबू आणि वेलींनी बांधलेल्या आडव्या काठ्या, एवढीच ती शिडी, उघड्या कातळाला टेकवलेली. बारकूच्या आज्यापासून मध काढायला जाणाऱ्यांनी ती दरसाल नव्यानं बांधलेली. यंदा कुणी बांधली नव्हती. बारकू आधी उतरला, मग स्नेहल. कोंडाजीनं निम्म्यावर पाय टेकला आणि कट्! आडवी काठी निघाली. तो दोन्ही हातांवर लटकला. पायथ्याच्या अरुंद टप्प्यापलीकडे शंभर हात नुसती हवा! पाय कातळ चाचपत राहिले. वरच्या झाडाला वळसा देऊन कमरेला बांधलेला दोर ताठ झाला, आणि बारकूनं चार काठ्या वर चढून खालून त्याचा घोटा पकडला, पुढच्या काठीवर नेऊन ठेवला. शिडीच्या पायथ्याशी पोचल्यावर म्हणाला, भाऊ, यष्टीला दारात कंडक्टर असतोय, हितं म्या हाय.

खाली कपारीत पाणी झिरपत होतं. तिथं तिघं टेकले. स्नेहलनं भाकरी आणि ठेचा काढला. घळ इतकी खोल, की सूर्य डोक्यावर येईपर्यंत तळाला ऊन लागत नसे. समोरच्या भिंतीवर जांभळीची झाडं कातळातून आडवी उगवलेली, आणि त्याखाली, पार खालच्या टप्प्यावर, एका जुन्या अंजनीच्या बुंध्याला अडकलेला पांढरा पत्रा दिसत होता. सत्यमची गाडी! कोंडाजीनं हातातली भाकरी तशीच फडक्यात ठेवली.

कारण एक गोष्ट त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती, निदान त्याला तसं वाटत होतं. गाडी घेतल्यावर आठच दिवसांनी सत्यमनं त्याला विचारलं होतं, "आबा, स्टेअरिंग ढिलं लागतंय. तुमी एकदा चालवून बघता का?" कोंडाजीनं वडगावपर्यंत चालवून बघितली. आणि त्याच्या हाताला ते लागलं! गाडी पाण्यावरच्या लाकडासारखी जात होती, सरळ धरावी तर कडेला जायची. पण त्याच्या मनात आलं ते भलतंच. आपलेच हात आता सुटले, वय झालं. ते पोराला कळू नये म्हणून परत आल्यावर तो तोऱ्यात म्हणाला होता, "गाडीला काय धाड भरलीय? आमच्या यष्टीला वीतभर खेळ असायचा, त्यावर आमी घाट चढलो. हात ढिला पडला की स्टेअरिंग ढिलं लागतं." सत्यमनं त्या शनिवारी गाडी शोरूमला दाखवायला नेण्याचं ठरवलं होतं. बापाचा शब्द ऐकून त्यानं ते रद्द केलं आणि पर्यटक घेऊन पठारावर गेला. पुढचं सगळं पेपरात आलंच होतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. चार रेघा सापडल्या तर पोरगं दोषी. तीन सापडल्या तर पोरगं सुटलं, आणि बाप अडकला. असं असताना हा माणूस घळीत का उतरत होता? त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच खरं.

बारकूनं भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून वर बोट दाखवलं. पुढची वाट एका पुढे आलेल्या कातळाखालून जात होती, आणि त्या कातळाला काळी, पखालीएवढी तीन पोळी लोंबत होती. आग्या मोहोळ! बारकूनं स्नेहलला पदरानं डोकं घट्ट बांधायला लावलं, केसांच्या तेलाचा वास माशांना आवडत नाही म्हणून. बोलायचं नाही, खोकायचं नाही, दगड घरंगळू द्यायचा नाही. अंग खाजलं तरी हात हलवायचा नाही.

तिघं जीव मुठीत धरून निघाले. डोक्यावर अखंड गुणगुण चालू होती. एक माशी कोंडाजीच्या ओठावर बसली. तो थांबला. ती गालावरून चालत कानापर्यंत गेली. तो श्वास धरून उभा. मागे स्नेहल उभी, तिच्या मागे बारकू. माशी उडाली. पुन्हा एक पाऊल. पुन्हा एक. चाळीस पावलांची वाट, पण संपता संपेना! पलीकडे आल्यावर स्नेहल मटकन खाली बसली. कोंडाजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ठेवला असेल.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते गाडीशी पोचले.

गाडी दगडांवर उजवीकडे कलंडून अडकली होती, खाली माणूस सरपटत जाईल एवढीच फट. टप ठेचलेला, काचा नाहीत, आत तीन महिन्यांचा पाला. समोरच्या आरशाला शोरूमनं पूजेच्या दिवशी बांधलेली रिबीन अजून होती, रंग उडालेली. पलीकडे चार हातांवर टप्पा संपत होता आणि खाली कोकणाची पोकळी. गाडीला धरून ठेवलं होतं ते फक्त अंजनीनं, आणि त्या झाडाची निम्मी मुळं उघडी पडली होती. स्नेहल सत्यमच्या सीटकडे बघत राहिली. मग तिनं मोबाईलची बॅटरी लावली आणि चासीखाली शिरायला वाकली. कोंडाजीनं तिला मागे ओढलं. घरी चार वर्षांची पोर आहे, तू नाही, मी जातो, म्हणाला. तिनं फार वाद घातला नाही. कुठं बघायचं ते बोटानं नीट दाखवलं आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

बारकूनं दोराचं एक टोक कोंडाजीच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या पाठीमागून एका दगडाला वळवून घेतलं. कोंडाजी पोटावर सरपटत आत गेला. मातीचा, गंजाचा, जुन्या ऑईलचा वास. वर स्टेअरिंगचा डबा. त्यानं बोटानं चिखल पुसला.

पहिला बोल्ट. पिवळी रेघ!

दुसरा. रेघ आहे, पण बोल्ट मुळातून तुटलेला.

तिसरा. रेघ आहे.

चौथ्यावरचा चिखल त्यानं दोनदा पुसला. सदऱ्याच्या बाहीनं पुसला. थुंकी लावून पुसला. नुसतं लोखंड! रेघेचा मागमूसही नाही. त्याखालचं भोक हलून हलून लांबट झालेलं. एकानं काम केलं नाही, त्याचा भार बाकीच्यांनी वाहिला, आणि वळणावर त्यातला एक तुटला. त्यानं एकामागून एक फोटो काढले. खिशातला पाना काढायच्या आधी सहज दोन बोटं बोल्टाला लावली, तर तो फिरला! बोटांनी फिरला! पान्याची गरजच पडली नाही. एक आटा, दोन आटे, दहा.

आणि तेवढ्यात वर काहीतरी कडाडलं.

"भाऊ, बाहेर!" बारकू ओरडला.

अंजनीचं मूळ तुटलं होतं. गाडी हातभर सरकली. चासीचा पत्रा कोंडाजीच्या पाठीला घासत गेला. बोल्टाचे दोन आटे राहिले होते. त्यानं हात काढला नाही! एक. दोन. सुटला! दोराला हिसका बसला. बारकू आणि स्नेहल दोघं दोर ओढत होते. कोंडाजी दगडांवरून फरफटत बाहेर आला. त्याच्या पायाजवळून गाडी गेली. आधी हळू, मग एकदम. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खालून, फार खालून, आवाज आला. वरच्या मोहोळाची गुणगुण क्षणभर वाढली आणि पुन्हा बसली.

कोंडाजीची पाठ सोलवटली होती. त्यानं मूठ उघडली. स्नेहलनं बोल्ट घेतला, उन्हात धरून चहूबाजूंनी बघितला, फोटो बघितले, आणि तीन महिने जे आवरून धरलं होतं ते सगळं तिच्या डोळ्यांतून आलं. "ह्यांची चूक न्हवती, आबा," ती पुनःपुन्हा म्हणत होती. "बगा तुमी, ह्यांची चूक न्हवती."

बारकू परतीची वाट बघायला निघून गेला. समजूतदार माणूस.

कोंडाजीला गप्प बसता आलं असतं. बोल्ट सापडला होता, पोराचं नाव धुऊन निघणार होतं, आणि ते बोलणं ऐकणारा या जगात उरला नव्हता. पण समोर ती रडत होती आणि त्याला आबा म्हणत होती. ते त्याला सोसवेना.

"त्यानं मला विचारलं हुतं," तो म्हणाला. "म्या गाडी चालवून बी बघितली. ढिली हाय, हे माझ्या हाताला कळलं हुतं. मला वाटलं माजंच हात गेलं. लाज वाटली पोरी. म्या त्यालाच बोल लावला. त्यानं शोरूमला जायचं रद्द केलं ते माज्यामुळं."

स्नेहलचं रडणं थांबलं. तिनं वर बघितलं नाही. बोल्ट तिच्या मुठीत होता, मूठ मांडीवर.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी येऊन सांगितलं होतं ह्यांनी. मला विचारलं, तुझं काय मत. मी म्हटलं, आबा म्हणतात तर असंल बरोबर." तिनं मूठ उघडून बोल्टाकडे बघितलं. "मी दिवसाला नऊशे बोल्ट बघते, आबा. नऊशे. गाडी आठ-दहा दिवस आपल्याच अंगणात उभी होती. एकदा वाकून बघितलं न्हाई मी."

कोंडाजीला तिला काहीतरी सांगायचं होतं. तुझी चूक नाही, असं काहीतरी. पण जे आपल्याला कुणी सांगितलेलं चाललं नसतं, ते तिला कसं सांगायचं? तो तिच्याजवळ सरकून बसला. मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, जनावरासारखा. बायका-पोरांदेखत, तिरडी उचलतानाही जो निघाला नव्हता तो. स्नेहलनं त्याच्या सोललेल्या पाठीवर हात ठेवला नाही, त्याचा दंड धरला आणि धरून ठेवला.

चढायला उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मोहोळाखालून तिघं पुन्हा गेली, शिडीची निघालेली काठी बारकूनं कोयत्यानं नवी तोडून बांधली. घसाऱ्यावर कोंडाजीला दोघांनी वर घेतलं. पठारावर आली तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. गवत पिवळं पडलं होतं आणि दूर वाडीतल्या शेळ्या माघारी निघाल्या होत्या.

बारकू दोर गुंडाळत बसला. त्याला दिवसभर जे विचारायचं होतं ते त्यानं आता विचारलं. टाकव्याच्या टपरीवर तोही जातो, लोक त्यालाही विचारणार होते.

"मग भाऊ, चूक कुनाची निघाली?"

स्नेहलनं सासऱ्याकडे बघितलं. कोंडाजीनं खाली घळीकडे पाठ केली आणि बारकूच्या डोळ्याला डोळा दिला.

"सत्यमची न्हवती," तो म्हणाला. "बाकी समद्यांची."