नर्सरीचा चार्ज

स्टील प्लांटच्या कोक ओव्हन भट्टीवरून रिटायर झाल्यावर चंपतराव घरी बसून बायकोच्या, रुक्माबाईंच्या, भाजीत खोड्या काढू लागले. "बागेत जा, झाडायले शिकवा," म्हणत बाईंनीच त्यांना जुनवानीजवळच्या निसर्ग उद्यानात पिटाळलं.

तिथल्या नर्सरीत माती दबू नये म्हणून स्वयंसेवक चपला कुंपणाबाहेर काढत. आत विद्याधर असायचे, तेही प्लांटमधूनच रिटायर झालेले. कितीही लवकर जा, ते आलेलेच असत. घरी जाताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

चंपतरावांच्या पोटात दुखायचं ते वेगळ्याच कारणानं. दोघांनी एकाच पिशवीतलं करंजाचं बी पेरलं. यांचं कुजलं, त्यांचं तरारलं. सातभाईंचा थवा कलकलत यायचा तो थेट विद्याधरांच्या खांद्यावर. चंपतराव खिसाभर मुरमुरे घेऊन उभे, पण एक पाखरू ढुंकून बघेल तर शपथ! स्मृति नगरच्या बाया विद्याधरांसोबत फोटो काढत, आणि मोबाइल धरायला चंपतराव. जन्मभर भट्टीची धग सोसलेल्या माणसाला हा जळफळाट मात्र सोसवेना.

एकदा भर दुपारी वारा पडला होता. पान हलत नव्हतं. विद्याधरांच्या पायाशी असलेली रोपं तेवढी डुलत होती. चंपतरावांनी ते पाहिलं आणि त्यांचा आणखीच तिळपापड झाला.

संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. "सगळं तुमीच काहून करून राहिले, विद्याधरभाऊ? आमालेही करू द्या ना."

विद्याधरांनी झारी पुढे केली.

"चार्ज घेता?"

बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन 'घेतला' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, हा प्लांटचा रिवाज दोघांच्या हाडीमाशी मुरलेला. चंपतरावांनी सवयीनं झारी धरली.

"घेतला."

"मले वाटलं, कोणी येतच नाही आता," विद्याधर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. कुंपणाबाहेर जाऊन त्यांनी आपल्या चपला ओढल्या. अंगठ्यातून वाढलेलं गवत तटातट तुटलं. ते वळूनही न बघता फाटकाबाहेर पडले.

सातभाई आले. चंपतरावांच्या खांद्यावर बसले. त्यांनी सुखानं डोळे मिटले.

दिवेलागणीला रुक्माबाई शोधत कुंपणापाशी आल्या.

"चला ना घरी. भात थंडा होऊन राहिला."

"आलोच." त्यांनी पाऊल उचलायला बघितलं. उचलेना.

पुन्हा बघितलं.

"रुक्मा, माझा रिलीव्हर नाही आला."

"कोन्ता रिलीव्हर? रिटायर झाले ना तुमी! द्या ती झारी इकडे, मी घेते."

"नको!" चंपतरावांनी झारी घाईघाईनं पाठीमागे लपवली. "हात नको लावू तू."



रुक्माबाई वैतागून त्यांच्या चपला उचलायला वाकल्या. सकाळीच काढलेल्या त्या चपला जागच्या हलेनात. अंगठ्यातून हिरवं गवत वर आलं होतं.