उलट्या खुणांची वाट

"पुन्हा ओले बूट," निनों कुजबुजली आणि तिनं दाराबाहेर वाळत घातलेल्या जोड्यांकडे बोट दाखवलं.

"चालणाऱ्यांचे बूट ओलेच होणार," तितुआं म्हणाला. "तुझे होत नाहीत, कारण तू चालतच नाहीस."

"अरे शहाण्या, आठवडाभर पाऊस नाही. आणि वाट तर डोंगराच्या माथ्यावरून येते. मग पाणी आलं कुठून?"

तितुआंनं पाव गरम चॉकलेटच्या वाडग्यात बुडवला आणि तोंड भरून घेतलं. निनोंची मोठी बहीण क्लेमांस मात्र विचारात पडली. वसंताच्या सुट्टीत दोघी बहिणी आजोबांकडे आल्या होत्या, गावातच राहणारा मामेभाऊ तितुआंही दिवसभर तिथंच असायचा, आणि या खेपेला आजोबांच्या अंगणात उतरणारे सगळे पदभ्रमणवाले कसे ओरबाडलेले, वैतागलेले यायचे. वाट विचारली की म्हणायचे, "वाटेवर रंगवलेल्या खुणा बघूनच आलो की."

आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष बिस्कोतकडे. आजोबा चालणाऱ्यांना सामान वाहायला गाढवं भाड्यानं द्यायचे, आणि बिस्कोत त्यांची सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी. लील शहराच्या मादाम ओदिल तिला घेऊन गेल्या होत्या आणि आज जेवायच्या आत परत यायच्या होत्या.

"जा रे, सामोरे जा तिला," आजोबा खुर्चीतूनच म्हणाले. त्यांची कंबर धरली होती. "ती वाटेत गवत खात बसली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"माझा बापही कुणाचं ऐकत नाही," तितुआं म्हणाला. त्याचा बाप म्हणजे दोघी बहिणींचा फेर्नां मामा. गावात त्याच्या द्राक्षबागा होत्या आणि त्याहून मोठा त्याचा आवाज होता.

तिघं माथ्यावरून निघाली. मामाची जुनी बाग लागली तेव्हा क्लेमांस थबकली. बाग उरलीच नव्हती. हिवाळ्यात मामानं म्हाताऱ्या वेली उपटल्या होत्या, आणि तिथं नुसती उघडी माती होती.

"इथं खुणा असायच्या ना?"

"कशावर असणार?" तितुआं म्हणाला. "झाड नाही, दगड नाही. वेलींच्या खांबांवरच होत्या." एवढं बोलून तो भरभर पुढं निघाला.

पुढं दोन वाटा फुटत होत्या. चालणारे समोरून यायचे आणि इथून माथ्याकडे वळायचे. पण गाढवाची ताजी लीद पडली होती ती खाली, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर. त्या बाजूला मामाची नवी बाग होती. तिच्या पहिल्याच खांबावर तांबडा-पांढरा पट्टा. पुढं आणखी एक. मग आणखी.

निनों खांबापाशी बसली. "ही खूण उलटी आहे. पांढरा वर असतो, तांबडा खाली."

"बाबांचे खांब," तितुआं हळूच म्हणाला. "वरच्या बागेतले. अकेशियाचं लाकूड कुणी फेकतं का? बुडखा कुजला की तेवढा कापायचा, आणि खांब उलटा करून पुरायचा. सगळेच करतात." त्यानं मान खाली घातली. "रंग कुणी बघत नाही."

म्हणजे ती खूण माथ्यावरून उतरून नदीकाठी आली होती, आणि लोक बिचारे तिच्यामागून!

तिघं पळत सुटली.

शेवटचा खांब पाण्याच्या कडेला होता. समोर, उथळ धारेपलीकडे, गोट्यांच्या बेटावर मादाम ओदिल उभ्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी बिस्कोत, चारी पाय रोवून.

"खुणा संपल्या, मला वाटलं इथूनच पलीकडे जायचं," ओदिलबाई ओरडून म्हणाल्या. "आता मागं फिरते तर ही हलेना. पोरांनो, हिला काय सांगायचं असतं?"

क्लेमांस उत्तर देणार, तेवढ्यात वर धरणाचा भोंगा वाजला. लांब, घोगरा. काठावरच्या प्रत्येक पोराला त्याचा अर्थ ठाऊक असतो: पाणी सोडलंय, नदीतून बाहेर पडा.

"मादाम, तिला सोडा आणि या! लगेच!"

"हिला टाकून? छे."

क्लेमांसनं अग्निशमन दलाला फोन लावला. "निघालो," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण लांबच्या पुलावरून यावं लागेल. कुणीही पाण्यात पाय घालायचा नाही. समजलं?" समजलं होतं. नगरपालिकेत नुसती टेप वाजत होती: जेवणाची सुट्टी. किराणावाला, गॅरेजवाला, सगळं गाव जेवायला बसलेलं. धार मघाशी स्वच्छ होती, ती गढूळ झाली. बेटाची कड आत सरकली.

तितुआंनं बापाला फोन केला.

"जेवतोय मी," मामाचा आवाज आला. "गाढव आहे ते. भूक लागली की येईल." आणि फोन बंद.

तितुआंचा चेहरा पडला. क्लेमांसनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि पुन्हा लावला.

"मामा, मी क्लेमांस. तुझ्या नव्या बागेत रानडुकरं शिरलीत. कोवळे कोंब उकरून टाकतायत. आम्ही काय करू?"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

मामा आला तो गळ्यात रुमाल तसाच, आणि हाताशी होतं तेच घेऊन: बागेतला उंच पायांचा ट्रॅक्टर, जो वेलींच्या रांगेवरून टांगा फाकून चालतो. "कुठायत डुकरं?"

"डुकरं नाहीत," तितुआं म्हणाला. "ते बघ, बाबा."

मामानं बेट पाहिलं. मग खांब पाहिले. शिव्या द्यायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं आणि ट्रॅक्टर सरळ धारेत घातला. पाणी चाकांना धडका देत होतं. ओदिलबाईंचा हात धरून त्यानं त्यांना वर ओढलं, तेव्हा त्या रडत होत्या. बिस्कोतचा दोर मात्र त्यांच्या हातातून सुटला. तिला ओढलं तर ती पडेल, आणि पडली तर गेली. दोघं काठावर आली, पण दुसरी फेरी मारायची सोयच उरली नव्हती. पाणी वाढतच होतं.

बिस्कोतचे गुडघे बुडाले. मग पाणी पोटाला टेकलं.

कुणालाच काही करता येईना. मामा तर बघूही शकला नाही. खिशातला छाटणीचा चाकू काढून तो खांबावरचा रंग खरवडत बसला. एक खांब, मग पुढचा.

"ती घाबरून हलली की संपलं," तितुआं म्हणाला. "आपला आवाज ऐकत राहिली पाहिजे."

म्हणून तिघं बोलत राहिली. क्लेमांसनं हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. तितुआंनं सायकलचे गिअर कसे बदलायचे ते तिला समजावलं. निनोंला काही सुचेना, तर ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय काय मिळतं ते सांगू लागली. सोमवारी किसलेलं गाजर. मंगळवारी मासा, पण वास येतो. बिस्कोतचे कान निनोंकडे वळले. तसेच राहिले. अग्निशमनवाले आले, तेही दोर धरून काठावर थांबले. "एवढ्या धारेत नको," त्यांचा प्रमुख म्हणाला. "बोलत राहा."

गाजर कितीदा झालं कुणास ठाऊक. मग गोट्यांची कड पुन्हा दिसू लागली. पाणी जसं आलं तसंच, कुणालाही न विचारता, उतरत गेलं. बिस्कोतनं अंग झाडलं आणि धारेतून शांतपणे चालत आली, जणू इतका वेळ तिला फक्त पाणी पसंत नव्हतं.

तोवर आजोबा शेजाऱ्याच्या गाडीतून आले होते. त्यांनी वाकून तिचे चारी पाय चाचपले, कंबर दुखत असूनही. प्रमुखानं पोरांची पाठ थोपटली. ओदिलबाईंनी तिघांना एकत्रच मिठी मारली. मामा टोपी हातात घेऊन म्हणाला, "खोटं बोललात, बरं केलंत. खरं ऐकून मी आलो नव्हतो."

निनोंनं मात्र आजोबांची बाही ओढली. "आजोबा, आम्ही काहीच केलं नाही हो. मी नुसती जेवणाची यादी सांगत होते."

आजोबांनी तिला जवळ ओढलं.

"तेवढ्यावरच ती उभी राहिली, बाळा."