बांधावर कुणी खाकरलं

मी पक्षी बघायला गेले होते, भूत बघायला नव्हे. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात आजही उलटंच सांगतात.

साल एकोणीसशे एकाहत्तर. धरणगावजवळ आमच्या मळ्याला लागून तलाव होता. पावसाळ्यात त्यातल्या बाभळीवर रातबगळे घरटी करत. माझे सासरे उत्तमचंदजी, आमचे बाबूजी, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला वारले आणि श्रावणात गावभर झालं की ते तलावात उभे राहून खाकरतात. आमच्याकडे वडीलधारा पुरुष घरात शिरताना खाकरायचा आणि सुनांनी घुंघट ओढायचा. चुलीवर दूध उतू जात असलं तरी आधी तोंड झाकायचं. त्या आवाजाचा मला मनस्वी राग होता.

सासूबाईंनी भीतीने अंथरूण धरलं. शेवटी माझ्या यजमानांनी, फुलचंदांनी (हो, नाव घेते), आवाज येतो ती बाभूळच तोडायची ठरवली.

"त्यावर पिल्लं आहेत," मी म्हणाले. "चातुर्मासात आपण पालेभाजी खात नाही, आणि ही पिल्लं मारायची?"

"मग आईला काय सांगू?"

"चला माझ्याबरोबर. आवाज कुणाचा ते दाखवते."

भर दुपारीच निघालो, पण आभाळ इतकं दाटलेलं की संध्याकाळ वाटावी. भुरभुर पाऊस, कुजक्या शेवाळाचा वास. आमचा गडी जीवराम कुऱ्हाड घेऊन बांधाच्या टोकाशी थांबला.

"आबा तठेच शे, भाऊ..." बाबूजींना तो आबा म्हणायचा; ते तिथेच आहेत म्हणून तो पुढे येईना.

तेवढ्यात आवाज आला. घोगरा, घसा साफ केल्यासारखा. मी माहेरून आणलेली दुर्बीण यजमानांच्या हातात दिली.

"वरच्या फांदीवर बघा. चोच उघडली की आवाज येतो."

त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हसू लागले. बगळाच खाकरत होता.

"जीवराम, घरी जा. झाड तोडायचं नाही," यजमान म्हणाले.

तो सुटल्यासारखा पळाला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. यजमान पुन्हा दुर्बीण लावून पिल्लं बघू लागले.

आणि बाभळीवरचे सगळे पक्षी एकदम गप्प झाले. मग आमच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी खाकरलं... सावकाश. बाबूजी खाकरायचे तसं.

"मागे बघू नकोस..." यजमान पुटपुटले. दुर्बीण खाली घ्यायची त्यांची हिंमत होईना.

माझा उजवा हात सवयीने डोक्यावरच्या पदराकडे गेला. मी तो डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. पण राग भीतीहून मोठा होता. मी उघड्या तोंडाने वळले.

"बाबूजी, झाड राहणार. आणि यापुढे मी तोंड झाकणार नाही."

बांधावर कुणी नव्हतं. वाराही नव्हता. तरी माझा पदर पुढे सरकू लागला. कपाळावरून... डोळ्यांवरून... नाकापर्यंत. यजमानांचे दोन्ही हात दुर्बिणीवर होते.

मी तो मागे सारला. तो परत आला. मी परत सारला.

त्या वर्षी पिल्लं उडाली. बाभूळ अजून उभी आहे. तुम्ही मघापासून बघताय ना, पाऊस लागला की मला पदर असा मुठीत आवळून बसावं लागतं. दिवा जरा जवळ घ्या. मूठ सोडून दाखवते.