समक्ष ओळख

त्या दिवशी ओळख पटवण्याच्या टेबलाशी वल्लरी दातार बसायचीच नव्हती. ते काम दीपालीचं. पण दीपालीच्या मुलाला गोवर निघाला, ती रजेवर गेली, आणि एरवी नियंत्रणकक्षातल्या मोठ्या पडद्यांसमोर बसणारी वल्लरी चार दिवसांपुरती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. दुसऱ्याच दुपारी एक उंच, सावळा, दाढीवाला गृहस्थ निथळती छत्री कुठे ठेवावी या विवंचनेत दारातच उभा राहिला.

"छत्री बाहेर, माणूस आत," वल्लरी म्हणाली. "उलट केलेलं चालत नाही."

तो हसला आणि छत्री बाहेर ठेवून आत आला. सुदर्शन दोनाडकर, गाव ब्रह्मपुरीजवळ, वैनगंगेच्या काठी. पुण्यात नद्यांच्या पुरावर संशोधन करत होता.

विश्रांतवाडीकडच्या त्या दुमजली इमारतीतून देशाचं एक जाळं चालवलं जात असे. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसे. पण निरनिराळ्या शहरांतल्या संशोधनसंस्थांचे प्रचंड संगणक त्या वेगवान जाळ्याने एकमेकांना जोडलेले होते. एका संगणकाला न पेलणारं गणित चार शहरांतल्या संगणकांत वाटून द्यायचं आणि चौघांनी क्षणाक्षणाला एकमेकांशी बोलत ते सोडवायचं, अशी ती रीत. मात्र परक्या संस्थेच्या संगणकाने आपलं ऐकावं, तर आधी आपण कोण हे सिद्ध करावं लागे. त्यासाठी संगणकीय प्रमाणपत्र मिळे, एक वर्षाच्या मुदतीचं. ते देण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्या माणसाला समक्ष पाहायचं, चेहरा फोटोशी ताडायचा आणि मगच सही करायची.

वल्लरीने त्याचं ओळखपत्र हातात घेतलं.

"हा फोटो कुणाचा?"

"माझाच."

"यात दाढी नाही."

"तेव्हा नव्हती जी."

"आता आहे."

"हो… काढून येऊ का?"

ती हसली नाही. हसू दाबण्याची कला कसबा पेठेत लहानपणीच अंगवळणी पडते. तिने फोटो पाहिला, चेहरा पाहिला. डाव्या भुवईखाली एक बारीकसा व्रण दोन्हींत होता. खूण पटली, नियम पुरा झाला… तरी ती पाहतच राहिली.

"झालं?" त्याने हळूच विचारलं.

"काय?"

"बघून."

कान तापल्याचं तिचं तिलाच जाणवलं. सही त्या दिवशी जरा तिरपी आली.

पुढचं वर्षभर ओळख वाढली ती फोनवर. त्याचं काम अडलं की नियंत्रणकक्षातला फोन वाजे.

"दातार मॅडम, आज माझा डेटा गोगलगायीच्या पाठीवर बसून निघालाय."

"गोगलगाय तुमच्याच संस्थेच्या फाटकात अडलीय. आमचा रस्ता मोकळा आहे. तुमच्या माणसाला नेटवर्कचा स्विच तपासायला सांगा."

"आणि स्विच ठीक असला तर?"

"तर मला पुन्हा फोन करा."

स्विच बहुतेकदा बिघडलेलाच असे. तरी फोन पुन्हा येई.

वर्ष सरलं. मुदत संपण्याआधी प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलं, तर ते बसल्या जागी होत असे. मुदत उलटू दिली, की पुन्हा समक्ष यावं लागे. दीपाली कधीच कामावर परतली होती. तरी त्या दिवशी वल्लरी बाहेरच्या खोलीत कशी काय होती, हे दीपालीने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. सुदर्शन दारात उभा होता, ओळखपत्र हातात घेऊन.

"तीन स्मरणपत्रं गेली होती तुम्हाला," ती म्हणाली.

"चार."

"म्हणजे वाचलीत?"

"वाचली ना. म्हणून तर मुदत संपेपर्यंत थांबलो."

दीपालीने एकाएकी चहाची आठवण झाल्यासारखा चेहरा केला आणि ती उठून गेली.

मग शनिवार आले. तांबट आळीतून चालताना ठोक्यांच्या आवाजात बोलणं अशक्य होई. मग दोघं नुसतीच चालत, आणि आळी संपली तरी बराच वेळ कुणी काही बोलत नसे. एकदा त्याने आईसाठी तांब्याची कळशी घेतली, दुकानदाराने "वहिनींना पसंत आहे ना?" म्हणून विचारलं, तेव्हा वल्लरीने कळशी उलटीपालटी करून अगदी गंभीरपणे सांगितलं, "बूड जरा पाहून द्या."

तिचे वडील श्यामसुंदर दातार शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलाशिक्षक. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली. घरात बापलेक दोघंच. सुदर्शन आला की ते आरामखुर्चीतून विचारत, "आली का वैनगंगा? आज कुठवर चढलंय पाणी?"

"पायरीपर्यंत आहे, काका."

"मग चप्पल बाहेर काढा. आमच्याकडे पुराला कोरडे पाय लागतात."

एका संध्याकाळी जिन्यात उभं राहून सुदर्शनने तिला सगळं स्वच्छ सांगितलं. त्याची शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपणार होती. पुण्यातल्याच संस्थेत एक कायमची जागा निघाली होती, मुलाखत ऑगस्टमध्ये. वैनगंगेच्या पुराचं पूर्ण गणित जुलैत हाती आलं, तर जागा त्याचीच होती. नाही आलं, तर ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवायचं. तिकडे आई एकटी होती.

"जागा मिळाली की काकांसमोर येऊन बसतो आणि रीतसर विचारतो," तो म्हणाला. "तुम्हाला काकांना सोडून येता येणार नाही, हे मला कळतं. म्हणून मला इथं राहायला पाहिजे."

तिने मान हलवली. जिन्याच्या कठड्यावरचा हात त्याने तिच्या हाताशेजारी आणून ठेवला. वरून श्यामसुंदरांचा आवाज आला, "वल्लरी, दार लावून घे; डास येतायत. आणि जो यायचा तो आला तरी चालेल!"

एक जुलैला गणित सुरू झालं. चार शहरांचे संगणक वीस दिवसांसाठी एकाच वेळी मोकळे मिळाले होते. सहा महिने आधी मागितलेली पाळी होती ती. गणित बारा तारखेला संपणार होतं आणि प्रमाणपत्र चौदाला. दोन दिवस हाताशी होते. मधल्या काळात सुदर्शन गावी निघाला. जुन्या पुराचं पाणी भिंतींवर कुठवर चढलं होतं, त्या खुणा त्याला मोजायच्या होत्या.

"काम तसं तीन आठवड्यांचं आहे," निघताना तो म्हणाला. "पण चौदाला सकाळी पुण्यात येतो. या खेपेला मुदतीच्या आत, शहाण्यासारखा. पण समक्षच."

"बसल्या जागी होतं ते."

"बसल्या जागी तुम्ही दिसत नाही ना."

चार जुलैला साताऱ्यापुढे रस्त्याच्या खोदकामात प्रकाशतंतूची केबल तुटली. वल्लरीने दहा मिनिटांत सगळी वाहतूक दुसऱ्या, लांबच्या मार्गावर वळवली. जाळं चालू राहिलं. पण त्या मार्गावर गर्दी होती, आणि चार शहरांचं एकमेकांशी बोलणं मंदावलं. केबल जोडायला आठ दिवस लागणार होते. सुदर्शनचं गणित आता सतरा तारखेला संपणार होतं.

त्या कक्षाची एक जुनी शिस्त होती. मार्ग बदलला, की ज्या-ज्या संशोधकाचं काम लांबलं असेल, त्याला कामावरच्या माणसाने स्वतः फोन करायचा आणि नोंदवहीत नावापुढे वेळ लिहायची. यादीत चार नावं होती. वल्लरीने तीन फोन केले, तीन नावांपुढे वेळ लिहिली. चौथ्या नावाशी तिचा हात थांबला.

तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. चौदाच्या मध्यरात्री प्रमाणपत्र संपेल आणि त्या क्षणी चारही संगणक त्याला ओळखेनासे होतील. एक फोन केला, तर तो ब्रह्मपुरीला जाईल, अर्ध्या तासात नूतनीकरण करील… आणि मग यायचं कारण उरणार नाही. खुणा मोजत महिनाअखेरपर्यंत तिकडेच राहील.

चौदाला सकाळी येणारच आहे, तिने स्वतःला सांगितलं. आल्या-आल्या सही करू. अख्खा दिवस आहे हाताशी. तिने वही मिटली. दुसऱ्या दिवशी उघडली, पुन्हा मिटली. अकरा वर्षांच्या नोकरीत एवढीच एक जागा कोरी राहिली.

तेराला वैनगंगेला पाणी चढलं. गावाबाहेरचा पूल बुडाला. फोन लागेना. चौदाचा दिवस वल्लरीने दाराकडे पाहत काढला.

सुदर्शन आला तो पंधराला, अकराच्या सुमाराला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेली, डोळे तांबारलेले. बसमध्येच त्याला संदेश मिळाला होता: काम थांबलं. अर्धवट गणित जपून ठेवलं गेलं होतं, वाया गेलं नव्हतं. पण काम थांबताच पाळी मोडली होती. ते चार संगणक सकाळीच दुसऱ्यांच्या कामाला लागले होते. उरलेल्या कामासाठी ते पुन्हा एकत्र मोकळे मिळणार होते थेट डिसेंबरात.

"बाराला संपायला हवं होतं," तो खुर्चीत बसत म्हणाला. रागाचा मागमूस नव्हता. नुसता थकवा होता. "कसं काय लांबलं, काही कळेना जी."

त्याचा फोन लागत नव्हता, असं ती म्हणू शकली असती. ते अर्धं खरंही होतं.

"केबल तुटली होती. चार तारखेला," ती म्हणाली. "मला माहीत होतं. काम सतरापर्यंत जाणार, मुदत चौदाला संपणार… सगळं माहीत होतं. बाकीच्यांना फोन केले मी. तुम्हाला नाही केला."

त्याने वर पाहिलं.

"काहून?" पुण्यात एरवी कधी न वापरलेला गावचा शब्द त्याच्या तोंडून निसटला.

"फोन केला असता, तर तुम्ही आला नसतात."

बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. इतक्या दिवसांत तिने कधीच उघड न म्हटलेली गोष्ट शेवटी म्हटली गेली होती — आणि ती अशी, गुन्ह्याच्या कबुलीसारखी.

"रागवा तरी," ती म्हणाली.

"कोणत्या तोंडानं रागवू? मीसुद्धा याच खेळासाठी मुदत शेवटपर्यंत ताणली होती." त्याने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "सही करा, मॅडम. डिसेंबरात लागेल."

तिने नियमाप्रमाणे फोटो पाहिला, चेहरा पाहिला. डाव्या भुवईखालचा तो बारीक व्रण पाहिला. मग खाली मान घालून सही केली. त्या संध्याकाळी नोंदवहीतली कोरी जागा आणि तिचं कारण तिने स्वतःच वरिष्ठांना लिहून कळवलं. सहा महिने तिला एकटीने कक्ष सांभाळायला मनाई झाली. शिक्षा कमीच झाली, असं तिला वाटलं.

ऑगस्टची मुलाखत अर्ध्या गणितावर झाली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

सप्टेंबरात निरोप घ्यायला सुदर्शन कसब्यात आला. श्यामसुंदरांनी त्या दिवशी पाण्याची पातळी विचारली नाही. आधाराशिवाय खुर्चीतून उठले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी मध्ये आलो रे तुमच्या."

"नाही, काका. कुणीच नाही आलं मध्ये."

जिन्यात त्याने वल्लरीला विचारलं, "चलाल?"

तिने वरच्या दाराकडे पाहिलं.

"नाही येणार, ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण विचारलं नसतं, तर जन्मभर विचारत राहिलो असतो."

डिसेंबरात चारही संगणक पुन्हा एकत्र मोकळे झाले. सुदर्शनने ब्रह्मपुरीहून काम सुरू केलं. त्या दिवसांत वल्लरीने एकही सुटी घेतली नाही. कक्षात सोबतीला सहकारी इंद्रजीत असे, आणि पडद्यावरची त्या गणिताची रेघ ती डोळ्यांत तेल घालून पाही. दुसऱ्याच दिवशी एक जोड सैल झाला. तिने मार्ग बदलला, पुढच्याच मिनिटाला ब्रह्मपुरीला फोन लावला आणि वहीत वेळ लिहिली. गणित पुरं झालं. आलेली उत्तरं तिच्या जाळ्यावरून क्षणात पुण्याला पोचली. पुढे कॉलेजच्या साध्या लाइनीवरून गावी पोचायला त्यांना दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"पोचलं," सुदर्शन म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. नकाशा उघडला. मोठ्या पुरात कुठवर पाणी येईल, घरन्‌घर दिसतंय. आमचं घर पाण्यात आहे, वल्लरी. आईला वर, माळावर न्यावं लागेल. उन्हाळ्यात नवं घर बांधतो."

"लवकर बांधा."

"दोन खोल्यांचं काढलंय. आई आणि मी." फोनमध्ये कागद उलगडल्याचा आवाज आला. "तिसरी काढू?… काका आले तरी मावतील."

वल्लरीने डोळे मिटले. डायलिसिसचं यंत्र असलेलं सगळ्यांत जवळचं गाव त्या माळापासून किती तासांवर आहे, हे तिने कधीच पाहून ठेवलं होतं. मधला पूल पावसाळ्यात किती दिवस पाण्याखाली असतो, तेही. उद्या सांगते, असं म्हणणं सोपं होतं. विचार करते, म्हणणं त्याहून सोपं. त्याने वाट पाहिली असती, वर्षभरसुद्धा.

"नका काढू," ती म्हणाली.



"बरं झालं, लगेच सांगितलंत," तो म्हणाला.