दम खाऊ दे

चष्मेवाल्याच्या बायकोने गाडीचं नाव 'सवत' ठेवलं होतं आणि त्यात तिचं फारसं काही चुकलं नव्हतं. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवून हा गडी घरी आला, की चहाला नाही म्हणायचा आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजात शिरायचा. तिथे ती उभी असायची. दोन दारांची, बुटकी, आधीच्या मालकाने पार वाट लावून विकलेली टर्बोची स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन त्याने स्वतःच्या हातांनी उतरवलं होतं, धुतलं होतं, पुन्हा चढवलं होतं. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणाऱ्या बोटांना हे मोठे नट-बोल्ट म्हणजे माहेरपण वाटायचं.

टर्बो म्हणजे काय, हे तो आल्यागेल्याला बळेच समजावून सांगायचा. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढतं आणि इंजिनात कोंबतं. साधी गाडी नाकाने श्वास घेते, ही छाती भरभरून घेते. तो सांगत असताना बायको पाहुण्यांना हळूच म्हणायची, तुम्ही दोन घास जास्त खा, हे लवकर संपायचं नाही.

अशा गाडीचा एक नियम असतो. पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. आतलं चाक लालबुंद झालेलं असतं, तेल फिरत राहिलं नाही तर दांडा जळतो. म्हणून थोडा वेळ तिला जागच्या जागी चालू ठेवायचं. चष्मेवाला म्हणायचा, 'दम खाऊ दे तिला.' पुढे त्याने एक टायमर बसवला. चावी काढून घरात यायचं, इंजिन आपलं आपण दम खाऊन बंद व्हायचं. पहिल्या दिवशी खुंटीवर लटकलेली चावी आणि भिंतीपलीकडची घरघर एकाच वेळी लक्षात आल्यावर बायकोच्या हातातलं उलथनं खाली पडलं होतं.

'दम खा' हे त्या घरात मुळात मुलीला म्हटलं जायचं. मुलीला सगळे खारू म्हणत, कारण घास गालात साठवून खायची तिची लहानपणापासूनची सवय. खारूला दमा होता. जिना चढली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी यायची. श्वासाचा पंप कायम फ्रॉकच्या खिशात. शाळेत पळायची शर्यत लागली की ही बाकावर बसून इतरांच्या चपला सांभाळायची आणि घरी येऊन आईला सांगायची, आज माझ्याकडे पुष्कळ चपला होत्या. आई हसायची आणि मग आत जाऊन डोळे पुसायची.

गाडी घरात आली त्या वर्षी खारूचा दमा उतरणीला लागला. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचा जातो वाढत्या वयात. आईने त्याचं श्रेय नव्या गादीला दिलं. चष्मेवाल्याने कशालाच दिलं नाही, त्याला नुसता आनंद झाला. त्याने हवेचा नळ रुंद करून घेतला, हवा थंड करणारी मोठी जाळी बसवली, दाब थोडा वाढवला. खारू जिना न थांबता चढली. त्याने दाब आणखी वाढवला. खारू दोरीवरच्या उड्या शिकली. या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक घडत होत्या, पण गावात पाऊस पडला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं, तर त्यांचा संबंध कोण जोडतो?

खटकलं ते फिल्टरमुळे. गाडी आत ओढते ती हवा आधी फिल्टरमधून जाते. नवाकोरा फिल्टर त्याने घातला आणि काही दिवसांनी सहज काढून पाहिला, तर तो ओला. तेलाने ओला असता तर त्याला कारण ठाऊक होतं. हे तेल नव्हतं. पांढुरकं, चिकट, बोटाला तार धरणारं काहीतरी होतं. त्याने फिल्टर पिशवीत घातला आणि आपल्या वेल्डर मित्राकडे नेला, ज्याने रुंद नळ जोडून दिला होता.

वेल्डर तोंडाचा फाटका. कुठल्याही गाडीवर त्याच्याकडे एक वाह्यात विनोद तयार असायचा. त्याने फिल्टर नाकाशी नेला आणि विनोद केला नाही.

"घरात कुणी आजारी आहे का रे?" त्याने विचारलं.

"का?"

"माझी आजी शेवटी खोकायची ना, तेव्हा तिच्या उशाशी असा वास असायचा." त्याने फिल्टर परत दिला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

चष्मेवाला भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या मते डोळ्यांना दिसणाऱ्या निम्म्या भुतांवर नंबरचा चष्मा हाच उतारा होता. कुठून तरी पाणी झिरपत असणार, असं म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी सकाळीच बॉनेट उघडलं. नियमाप्रमाणे आधी बॅटरीची तार काढली. मग रुंद नळाची पट्टी सैल केली आणि नळ ओढून काढला. आतून कोमट हवेचा झोत त्याच्या मनगटावर आला.

गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती.

त्याने नळात बोट फिरवलं. आतला भाग गालाच्या आतल्या बाजूसारखा मऊ ओला होता. त्याला एकदम बोट काढून घ्यावंसं वाटलं आणि तसं वाटल्याची त्याला लाजही वाटली. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. बारीक, वरखाली होणारी. टॉर्च घेऊन तो वाकला.

टर्बोच्या तोंडात चाक फिरत होतं.

इंजिन बंद, बॅटरी सुटलेली, आणि बोटाएवढ्या रुंद पात्यांचं ते चकचकीत चाक आपलं आपण फिरत होतं. त्याने डोकं शाबूत ठेवलं. वारा आत शिरत असेल म्हणून सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं. गॅरेजचं दार लोटलं. परत येऊन पाहिलं. चाक फिरतच होतं, आणि एका वेगाने नाही. जोर घ्यायचं, सुटायचं, पुन्हा जोर घ्यायचं.

बाहेर अंगणात खारू दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरीचा फरशीवर सट्‌ सट्‌ आवाज येत होता. चष्मेवाल्याला तो आवाज केव्हापासून ऐकू येत होता. आता तो पहिल्यांदा त्याने ऐकला. दोरी जलद झाली. चाक जलद झालं. खारू दमून थांबली आणि फाटकाला टेकून मैत्रिणीला हाक मारू लागली. चाक मंद झालं. मग नुसतं हेलकावे खाऊ लागलं. दमलेलं माणूस बसल्या जागी खातं तसे.

पण हातांना आपली सवय असते. फिरणारं चाक दिसलं की कारागीर आधी बोट लावून थांबवतो, मग विचार करतो. दुकानात काचा घासायच्या चाकाला त्याने जन्मभर हेच केलं होतं. खारूने पुन्हा दोरी उचलली, चाक गरकन फिरलं, आणि चष्मेवाल्याचं बोट पुढे गेलं.

पात्याने बोट कापलं. चाक थांबलं.

दोरीचा आवाज थांबला.

आधी त्याला वाटलं, दोरी पायात अडकली असेल. मग फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मैत्रीण ओरडली. शेवटी बायकोची चप्पल पायऱ्यांवरून धावत गेली.

"पंप! तिचा पंप कुठेय?"

गॅरेजच्या खिडकीतून त्याला दिसलं. खारू आडवी पडली होती. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच आत जात नव्हतं, बाहेर येत नव्हतं. आई तिच्या तोंडात पंप दाबत होती, पुन्हा दाबत होती. मुलीचे ओठ जांभळे पडत चालले होते. चष्मेवाला बघत राहिला. आणि त्याच्या बोटाखाली ते चाक सुटायला धडपडत होतं. लहान, ऊबदार, जिवाच्या आकांताने.

त्याने बोट काढलं.

चाक सणाणून फिरलं. अंगणात खारूने असा श्वास ओढला की तो भिंतीपलीकडेही ऐकू आला.

डॉक्टर येऊन गेले. दम्याचा झटका, म्हणाले, असा अचानक उलटतो कधी कधी. घरात पेट्रोलचा धूर वगैरे असेल तर टाळा. चष्मेवाला कोपऱ्यात उभा होता. बोटाला त्याने चिंधी गुंडाळली होती. बायकोने डॉक्टरांना दारापर्यंत पोचवलं, परत आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "गाडी उद्या जाईल. मी जुन्या गाड्यांच्या दलालाला फोन केलाय. तो ती खोलून तुकड्यांनी विकेन म्हणाला, मला चालेल."

तुकड्यांनी. म्हणजे आधी चाक थांबवणार. चष्मेवाला काय सांगणार होता? हीच गोष्ट त्याला कुणी सांगितली असती, तर त्याने त्या माणसाला खुर्चीत बसवून नंबर तपासला असता. तो नुसतं म्हणाला की गाडी नको द्यायला. बायकोने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्याने लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. "पोरगी मरत होती," ती म्हणाली, "आणि तू गॅरेजातून बाहेरसुद्धा आला नाहीस."

दुपारी खारू उठून बसली. आईने तिला मऊ भात भरवायला घेतला. आज तिने घास गालात साठवला नाही, जपून गिळला. आईने विचारलं, दुखतंय का राणी?

"आता नाही," खारू म्हणाली. "तेव्हा दुखलं. आई, आत कुणीतरी बोट घातलं होतं."

"कुठे आत?"

"इथे." तिने छातीवर हात ठेवला. "मोठं बोट. त्याला तेलाची चव होती. मग रक्ताची आली."

आईचा घास हातातच राहिला. तिने हळूहळू मान वळवली आणि चष्मेवाल्याच्या बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला आता काही बोलावंच लागलं नाही.

तिने ताट खाली ठेवलं, टॉर्च घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन गॅरेजात गेली. खारू भिंतीला टेकून झोपी गेली होती. चष्मेवाला तिच्या छातीचं वरखाली होणं बघत बसला. खूप वेळाने बायको परत आली. तिने फोन उचलला, दलालाला सांगितलं की गाडी विकायची नाही, आणि त्याने कारण विचारताच फोन ठेवला. मग ती कपाटातून आपली सगळ्यात मऊ शाल घेऊन पुन्हा गॅरेजात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खारू अजून झोपेत असताना, चष्मेवाला बॉनेटपाशी वाकला. चाक संथ, झोपेच्या चालीने फिरत होतं. त्याने बोट लावलं नाही. हात पाठीमागे बांधून, भिंग डोळ्याला लावून पाहिलं. काल जिथे त्याचं बोट अडलं होतं, तिथलं एक पातं किंचित वाकलं होतं. दर फेरीला त्याची कड टर्बोच्या कवचाला आतून लागत होती आणि बारीक आवाज होत होता. टिक. टिक.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो सुरू झाला की टर्बो फार दिवस काढत नाही, हे ज्याला गाड्या कळतात त्या कुणालाही ठाऊक असतं. ते पातं जागच्या जागी सरळ करता येत नाही. टर्बो उतरवावा लागतो, चाक थांबवावं लागतं.

दारात बायको येऊन उभी राहिली.

"डॉक्टरांना पुन्हा बोलावू का?" ती म्हणाली. "झोपेत तिच्या छातीतून काहीतरी वाजतंय. दर श्वासाला, टिक असं."