चिपी ते जळगाव, सव्वा तास

कृणाल तणतणतच अंधेरीतल्या एका वेबसाइटच्या ऑफिसात शिरला आणि मोबाइल थेट हेमांगीच्या टेबलावर ठेवला.

"चिपी ते जळगाव, विमानाने सव्वा तास. हे तुम्ही लिहिलंत?"

लिहिलं होतं खरं. प्रवासाच्या या वेबसाइटसाठी दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ लिहायचा, हीच तर तिची नोकरी. नकाशावर सरळ रेघ ओढायची, विमानाच्या वेगाने भागायचं, की झालं पान तयार. त्या वाटेने विमान जातं की नाही, हे बघायला सवड कोणाला होती?

कृणालला मात्र ते चांगलंच भोवलं होतं. गणपतीला तो कुडाळजवळच्या गावी गेला होता. तिथूनच जळगावजवळ भुसावळला, रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका कोकणी गृहस्थांच्या मुलीला, गंधालीला, बघायला जायचं होतं. सकाळी चिपीहून निघतो, दुपारी जेवायलाच येतो, असं त्याने ऐटीत कळवून टाकलं. तिकीट काढायला बसला तेव्हा कळलं, असं विमानच नाही. गाड्या बदलत बदलत स्वारी पोहोचली दुसऱ्या दिवशी. मुलीच्या वडिलांनी दारातच विचारलं, विमान कुठे लावलंत?

हेमांगीने ओठ घट्ट मिटले, तरी खांदे हललेच. कृणालने रागाने पाहिलं... आणि मग त्यालाही हसू आवरेना. तिने मनापासून माफी मागितली, त्या पानावर 'थेट विमान नाही' असं लिहिलं आणि त्याला खाली चहा पाजला.

कृणाल लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानंतर अंधेरीतल्या लिफ्ट जरा जास्तच बिघडू लागल्या. ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम होऊन तो नाहूरच्या घरून यायचा, आणि चार वाजले की हेमांगीची नजर आपोआप दाराकडे जायची. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर तो आला, तो गप्पगप्पच.

"भुसावळहून फोन होता. राग गेलाय त्यांचा, रविवारी बोलावलंय. आईने हो सांगून टाकलं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मुंबईहून जळगावला विमान आहे का गं?"

नाही म्हटलं की काम झालं असतं. तो तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा... पण म्हणूनच तिची जीभ रेटेना. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"आहे. सीटही आहे."

"मग काढू तिकीट?" तो स्क्रीनकडे बघतच नव्हता.

हेमांगीने माउसवरचा हात काढला. "विमान आहे, कृणाल. पण तू जाऊ नकोस ना... मला तू आवडतोस."

तो फोन घेऊन जिन्यात गेला. हेमांगीचा जीव टांगणीला लागला. मग बाहेरून त्याचा आवाज आला.

"काका, मी येत नाही... नाही, विमान आहे. माझंच मन दुसरीकडे गुंतलंय. गंधालीला उगाच आशेवर ठेवणं बरं नाही. तुमचं जे काय बोलायचं ते मला बोला."

बरंच ऐकून घेऊन तो परत आला. कान लालबुंद झाले होते, पण चेहरा हसरा होता.

"रविवारी मालाडला तुझ्या घरी यायचंय. बाबा किती वाजता भेटतील?"

"दुपारी झोपतात ते," हेमांगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही थांबत नव्हतं. "पाचनंतर ये... आणि आईला घेऊन ये."